फिर्यादीतले शब्द कोणाचे?

"सदरची फिर्याद मी वाचून पाहिली असून ती माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरी आहे." पोलीस ठाण्यात नोंदवल्या जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक फिर्यादीच्या तळाशी अशा अर्थाचे वाक्य असते आणि त्याखाली फिर्याद देणाऱ्याची सही किंवा अंगठा असतो. पुणे शहर आणि पुणे ग्रामीण अशा दोन्ही दलांत मिळून मी सत्तावीस वर्षे नोकरी केली. उपनिरीक्षक म्हणून लागले, निरीक्षक म्हणून निवृत्त झाले, आणि त्या काळात बलात्कार, विनयभंग व बालकांवरील अत्याचार यांच्या कितीतरी फिर्यादी मी स्वतः लिहिल्या किंवा माझ्या देखरेखीखाली लिहिल्या गेल्या. त्यांतील पुष्कळ फिर्यादींखालचे हे शेवटचे वाक्य खरे नव्हते. घटना घडलेली होती आणि बाई खरे सांगत होती. कागदावर उतरले ते मात्र तिच्या नव्हे, आमच्या सांगण्याप्रमाणे. लैंगिक गुन्ह्याचा तपास नेमका कुठे बिघडतो असे मला कोणी विचारले, तर प्रयोगशाळा आणि न्यायालय यांच्याआधी माझे बोट ठाण्यातल्या त्या टेबलाकडे जाते, जिथे एक बाई बोलत असते आणि दुसरे कोणीतरी लिहीत असते. त्या टेबलाविषयीच मला लिहायचे आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेट बसस्थानकात पहाटेच्या वेळी उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाल्याची तक्रार नोंदली गेली, तेव्हा पुढचे तीन दिवस आमच्या सोसायटीत दुसरा विषय नव्हता. शिरूर तालुक्यातील गुनाट गावात ड्रोन उडत होते, उसाच्या शेतांत श्वानपथके फिरत होती आणि अखेर मध्यरात्रीनंतर संशयित सापडला. मी पोलिसांतली म्हणून जिन्यात, भाजीवाल्यापाशी लोक मला थांबवत. बहुतेकांचे प्रश्न पकडापकडीविषयी असत. एक प्रश्न मात्र वेगळा होता आणि तो चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनी विचारला: "ती ओरडली का नाही? आजूबाजूला तर माणसे होती." हाच प्रश्न त्या दिवसांत जाहीरपणेही विचारला गेला. ते प्रकरण न्यायालयासमोर आहे, त्यामुळे त्याविषयी मी अधिक काही लिहिणार नाही. हा प्रश्न मात्र माझ्या ओळखीचा आहे. माझ्या नोकरीच्या पहिल्या पंधरा वर्षांत मी लिहिलेल्या फिर्यादींवर त्याची छाया आहे.

ड्रोन आणि श्वानपथक लागणारे गुन्हे थोडेच असतात, हेही येथे सांगायला हवे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत वर्षानुवर्षे दिसते की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी फिर्यादीच्या ओळखीचा असतो. तो नातेवाईक, शेजारी, मुकादम, मित्र, मालक किंवा शिकवणीचा मास्तर असतो. त्याचे नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक फिर्यादीतच आलेला असतो आणि बहुतेक वेळा तो घरीच सापडतो. अशा गुन्ह्यात "कोण" हा प्रश्न पहिल्याच तासात सुटतो. उरतो तो "काय घडले आणि तिची संमती होती का" हा प्रश्न, आणि त्याचे उत्तर बव्हंशी तिच्या शब्दांवर अवलंबून असते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली गुरमीत सिंग खटल्यात स्पष्ट सांगितले आहे की स्त्रीची साक्ष विश्वासार्ह असेल तर दुसऱ्या पुराव्याच्या आधाराची सक्ती नाही आणि उशिरा फिर्याद दिली एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. याचा पोलिसांपुरता अर्थ असा की तिचे शब्द हाच आमच्या हातातला सर्वांत मोठा मुद्देमाल आहे. रक्ताचा नमुना आपण लाखेने सील करतो, लेबल लावतो, पंचांच्या सह्या घेतो. शब्दांना मात्र जो येईल तो हात लावतो.

पहिल्यांदा ती ठाण्यात येते तेव्हा काय घडायला हवे, हे कायद्याने आता पुरेसे स्पष्ट केले आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. "हद्द आमची नाही" हे उत्तर बेकायदा आहे. गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून नंतर संबंधित ठाण्याकडे वर्ग करायचा असतो. लैंगिक गुन्ह्याची खबर महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते, तोंडी सांगितलेली खबर लिहिल्यानंतर वाचून दाखवायची असते आणि प्रत विनामूल्य द्यायची असते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद करणे बंधनकारक ठरवले. बलात्काराची खबर नोंदवण्यास नकार देणाऱ्या लोकसेवकाला भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम १९९ खाली किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षे सक्तमजुरी होऊ शकते. ठाण्यात दाद लागली नाही तर वरिष्ठांकडे लेखी तक्रार पाठवता येते आणि तिथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

एवढे असूनही ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणात पालकांना ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन पोलिसांना कठोर शब्दांत जाब विचारला. मला त्याचे आश्चर्य वाटले नाही, वाईट वाटले. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर रात्री काय परिस्थिती असते हे मी पाहिलेले आहे. महिला अधिकारी एकच, ती बंदोबस्तावरून नुकतीच घरी गेलेली, समोर अपघात, मारामारी आणि हरवलेले मोबाइल यांची रांग, आणि त्या रांगेतच, पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसलेली एक बाई, जिला "काय काम आहे?" असे सर्वांसमोर मोठ्याने विचारले जाते. ती "काही नाही, उद्या येते" असे म्हणून उठते. तिच्या त्या जाण्याची स्टेशन डायरीत नोंद होत नाही, त्यामुळे कोणत्याही आकडेवारीत ती दिसत नाही.

आता मी ज्या फिर्यादीमुळे हे सारे लिहीत आहे, तिच्याकडे येते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि ठाण्याचे नावही देत नाही. गोष्ट २०१३ पूर्वीची आहे. बांधकामाच्या साइटवर काम करणारी एक बाई, सोलापूरकडची, नवरा गावाकडे गेलेला, पत्र्याच्या खोलीत ती आणि तिचा चार वर्षांचा मुलगा. रात्री साइटवरचा एक माणूस आत आला. दोन दिवसांनी ती शेजारणीबरोबर ठाण्यात आली. मी तिला आतल्या खोलीत नेले, चहा दिला आणि विचारायला सुरुवात केली. ती फार रडली नाही. खाली बघत, सावकाश, एकेक गोष्ट सांगत गेली. मध्येच तिने जे सांगितले ते मला आजही तिच्या आवाजात ऐकू येते: "बाजूला लेकरू निजलं हुतं. म्या वरडले असते तर त्ये उठलं असतं, आन्‌ त्येनं समदं बघितलं असतं. म्हनून म्या तोंडात पदर धरला."

मी लिहिले: "मी आरडाओरडा करण्याचा प्रयत्न केला असता त्याने माझे तोंड दाबून, जिवे मारण्याची धमकी देऊन, माझ्याशी झटापट करून माझ्या इच्छेविरुद्ध जबरदस्तीने शारीरिक संबंध प्रस्थापित केले."

लेकरू कागदावर आलेच नाही. मी हे वाईट हेतूने केले नव्हते. नोकरीच्या सुरुवातीला एका वरिष्ठांनी मला समजावून सांगितले होते की फिर्याद भक्कम पाहिजे. ओरडली, तोंड दाबले, झटापट झाली, धमकी दिली या चार गोष्टी आल्या पाहिजेत, नाहीतर कोर्टात टिकत नाही. मी तिची केस भक्कम करत होते. तिला वाचून दाखवले तेव्हाही मी ते इतक्या भरभर वाचले की "प्रस्थापित केले" या शब्दांपाशी तिने नुसती मान हलवली आणि अंगठा उमटवला.

खटला उभा राहिला तेव्हा मधे काही वर्षे गेली होती. वैद्यकीय अहवालात अंगावर एकही जखम नव्हती, आणि ती नसणारच होती, कारण झटापट झालीच नव्हती. बचाव पक्षाच्या वकिलांनी तिला विचारले, तुम्ही ओरडलात का? तिने खरे सांगितले: "न्हाई." तोंड कोणी दाबले? "म्याच पदर धरला." मग पोलिसांत वेगळे का सांगितले? "म्या तसं सांगितलं न्हाई." त्यानंतर तपास अधिकारी म्हणून माझी साक्ष झाली. फिर्यादीतला तो मजकूर मला दाखवण्यात आला आणि विचारण्यात आले की हा मजकूर फिर्यादीने सांगितल्याप्रमाणेच लिहिला आहे का. मी शपथेवर "होय" म्हटले. तिच्या सांगण्यात आणि फिर्यादीत ठळक विसंगती असल्याचे सिद्ध झाले आणि आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. ती बाई खरे बोलली होती आणि मी खोटे, आणि निकालपत्रात अविश्वासार्ह ठरली ती. बाहेर, कोर्टाच्या आवारातल्या झाडाखाली, तिने मला एवढेच विचारले, "म्याडम, तुमीच लिवलं हुतं ना?" माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही.

लेकराचे ते एक वाक्य मी जसेच्या तसे लिहिले असते, तर तिच्या गप्प राहण्याचे कारण पहिल्या दिवसापासून कागदावर असते. वैद्यकीय अहवालात जखम नसणे त्या वाक्याशी जुळले असते. पंचनाम्यात खोलीचे माप, मुलाच्या अंथरुणाची जागा, दोन्हीतले हातभर अंतर आले असते. शेजारणीला "तुम्हाला ओरडण्याचा आवाज आला का" असा निरर्थक प्रश्न विचारला गेला नसता. खरा शब्द हा नुसता खरा नसतो, तो तपासाला वाट दाखवतो. मी घुसडलेले शब्द कुठेच नेत नव्हते, कारण त्यांच्यामागे काही घडलेलेच नव्हते.

वरिष्ठांचा तो सल्ला कुठून आला होता, याचा शोध मी पुढे घेतला आणि तो मला आपल्याच राज्यातल्या एका खटल्यापर्यंत घेऊन गेला. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील, आता गडचिरोलीत असलेल्या, देसाईगंज पोलीस ठाण्याच्या आवारात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा हा खटला. तो तिच्या नावाने देशभर ओळखला जातो; मी ते नाव लिहिणार नाही, कारण पीडितेचे नाव उघड करू नये हा कायदा त्या खटल्यानंतरच्या चळवळीतूनच आला आहे. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. तिच्या अंगावर जखमा नाहीत आणि प्रतिकाराची खूण नाही, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. या निकालाविरुद्ध १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. यांपैकी धागमवार आणि केळकर हे पुण्याचे. शरण जाणे आणि संमती देणे यांत फरक आहे, हा त्या पत्राचा गाभा होता. या शहरातल्या फार थोड्या लोकांना हे ठाऊक आहे आणि मला त्याची खंत वाटते. त्या पत्रानंतर देशभर जी चळवळ उभी राहिली, तिच्यातून १९८३ची कायदा दुरुस्ती झाली. कोठडीतील बलात्कार हा वेगळा गुन्हा झाला आणि अशा खटल्यात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितल्यास न्यायालयाने तसे गृहीत धरावे, ही तरतूद आली.

कायदा बदलला, पण ठाण्यांपर्यंत त्या निकालाचा उलटाच धडा पोहोचला होता. जखम आणि प्रतिकार नसेल तर आरोपी सुटतो, म्हणून प्रतिकार लिहायचाच, मग तो झालेला असो वा नसो. एका पिढीने दुसऱ्या पिढीला हे शिकवले आणि मी ते शिकले. डिसेंबर २०१२च्या दिल्लीच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने अवघ्या महिनाभरात अहवाल दिला आणि २०१३च्या दुरुस्तीत संमतीची व्याख्या कायद्यातच आली. संमती म्हणजे शब्दाने, खुणेने किंवा अन्य रीतीने स्वेच्छेने दिलेला निःसंदिग्ध होकार. आणि स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्याच कारणावरून तिची संमती होती असे मानता येणार नाही. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये हे शब्द आहेत. ज्या दिवशी ही तरतूद मी पहिल्यांदा नीट वाचली, त्या दिवशी मला त्या पत्र्याच्या खोलीची आठवण झाली.

साचेबद्ध वाक्ये मात्र गेली नाहीत. संगणक आल्यावर ती अधिकच पक्की झाली, कारण जुन्या फिर्यादीतला परिच्छेद उचलून नव्या फिर्यादीत चिकटवणे सोपे झाले. सर्वांत जास्त वापरला जाणारा परिच्छेद "लग्नाचे आमिष दाखवून" या शब्दांनी सुरू होतो. नोकरीसाठी पुण्यात आलेली, दोन-तीन वर्षे एखाद्याबरोबर राहिलेली मुलगी ठाण्यात येते तेव्हा तिची हकीकत सरळ रेषेत नसते. तिने प्रेम केलेले असते. कधीतरी त्याने मारलेले असते. एका रात्री तिने स्पष्ट नकार दिल्यावरही त्याने ऐकलेले नसते. नंतर लग्नाची बोलणीही झालेली असतात. यांतली ती एक रात्र हा बलात्कार आहे. लिहिणारा मात्र सगळे एका आमिषात गुंडाळतो, कारण तो परिच्छेद तयार असतो. २०१९ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुरुवातीपासून खोटे असलेले वचन आणि पुढे मोडलेले वचन यांतला फरक स्पष्ट केला आहे, आणि नव्या न्याय संहितेत कलम ६९ खाली फसवणुकीने ठेवलेल्या संबंधांसाठी वेगळा गुन्हाही आहे. आमिषाच्या परिच्छेदावर उभा राहिलेला गुन्हा वचन नुसते मोडले होते एवढ्यावर कोसळतो, आणि त्याच्याबरोबर ती नकाराची रात्रही वाहून जाते. ज्याने खरोखर गुन्हा केलेला नाही अशा माणसावरही हाच तयार परिच्छेद चिकटतो, हेही मला प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

फिर्याद ही त्या बाईच्या सांगण्याची फक्त पहिली फेरी असते. त्यानंतर पुरवणी जबाब होतो. मेडिकल यादी, म्हणजे तपासणीसाठीचे पोलिसांचे पत्र, घेऊन तिला ससूनसारख्या शासकीय रुग्णालयात नेले जाते, तिथे डॉक्टर हकीकत विचारून लिहून घेतात. मग दंडाधिकाऱ्यांसमोर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली जबाब होतो, पूर्वी ज्याला आम्ही "एकशे चौसष्टचा जबाब" म्हणत होतो. तो शक्यतो महिला दंडाधिकाऱ्यांनी नोंदवायचा असतो. शेवटी, कधी कधी वर्षांनंतर, न्यायालयात साक्ष. पाच वेळा, पाच माणसांसमोर, प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या लेखणीतून. आघात झालेल्या माणसाला क्रम नीट आठवत नाही, एखादी गोष्ट दोन दिवसांनी आठवते, हे आज कोणताही मानसोपचारतज्ज्ञ सांगेल. न्यायालयात मात्र फिर्यादीत नसलेले आणि नंतर आलेले प्रत्येक वाक्य "सुधारणा" म्हणून तिच्यावर उलटवले जाते. म्हणून पुरवणी जबाबात "फिर्याद देताना मी घाबरलेली असल्याने हे सांगितले नव्हते" असे तिने म्हटले तर ते कारणही तिच्याच शब्दांत यायला हवे. फिर्यादीच्या छापील नमुन्यात उशिराच्या कारणाचा रकाना असतो. तिथे "विलंब नाही" असे ठोकून दिलेले मी कितीदा पाहिले आहे, तेही घटना पंधरा दिवसांपूर्वीची असताना. "सासू म्हणाली, बोललीस तर घरात पाय ठेवू देणार नाही" हे त्या रकान्यातले खरे उत्तर असते, आणि बचाव पक्षाच्या अर्ध्या प्रश्नांना ते परस्पर उत्तर देते.

वैद्यकीय तपासणीबद्दल थोडक्यात. खबर मिळाल्यापासून चोवीस तासांच्या आत तिला डॉक्टरांकडे पाठवायचे असते, तपासणीला तिची संमती लागते, आणि नागरिक सुरक्षा संहितेनुसार डॉक्टरांनी अहवाल सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. कुठल्याही रुग्णालयाला, मग ते खासगी असले तरी, मोफत प्रथमोपचार नाकारता येत नाहीत. "टू-फिंगर टेस्ट" नावाचा, बाई शरीरसंबंधाला सरावलेली आहे का हे योनीमार्गात दोन बोटे घालून पाहण्याचा अपमान सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली गैर ठरवला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तर अशी चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल असे बजावले. कपडे ओले असतील तर सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावेत, प्लास्टिकच्या पिशवीत कधीही नाही, कारण त्यात ते कुजतात आणि गणेशखिंडीतल्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत त्यांतून काही मिळण्याची आशा मावळते. सोसायट्या आणि दुकानांतले सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून ते पहिल्याच दिवशी मागायचे आणि सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र घ्यायचे. ही सगळी कामे महत्त्वाची आहेत आणि आजचे तरुण अधिकारी ती आमच्यापेक्षा चांगली करतात.

तपास दोन महिन्यांत पूर्ण करायचा असतो. या मुदतीचा एक दुष्परिणाम मी पाहिला आहे. गुंतागुंतीच्या, एकमेकांच्या ओळखीतल्या प्रकरणांत "बी समरी" पाठवण्याचा, म्हणजे फिर्याद खोटी ठरवून तपास बंद करण्याचा, मोह होतो. आपल्याकडे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही तेव्हा ए समरी, गुन्हा जाणूनबुजून खोटा नोंदवला असे दिसते तेव्हा बी समरी, आणि गैरसमजातून नोंदला गेला किंवा धड खराही नाही आणि खोटाही नाही तेव्हा सी समरी, अशी पद्धत आहे. सिद्ध करता येत नाही आणि खोटे आहे, यांत आकाशपाताळाचा फरक आहे. बी समरीचा शिक्का बसलेल्या बाईला उलट गुन्ह्याला तोंड द्यावे लागू शकते, आणि तिच्या वस्तीतली पुढची बाई ठाण्याची पायरी चढत नाही. खोट्या फिर्यादी येतात, मी त्या पाहिल्या आहेत. परंतु माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच "खोट्या" फिर्यादींत खोटा होता तो फक्त आमच्या लेखनिकाने घातलेला मजकूर.

पुण्याची एक अडचण वेगळी आहे. आज या शहरात फिर्याद देणारी बाई मराठीतच बोलेल असे नाही. ती बिहारची, आसामची, नेपाळची असते, हिंजवडीच्या कंपनीत काम करणारी तमिळ मुलगी असते. ती हिंदीत किंवा इंग्रजीत सांगते, हवालदार मनातल्या मनात भाषांतर करतो आणि मराठीत टंकतो, आणि ती न कळणाऱ्या लिपीतल्या कागदावर सही करते. मराठीवर माझे प्रेम आहे, तरी माझे स्पष्ट मत आहे की निदान गुन्ह्याचा प्रत्यक्ष भाग, म्हणजे तो काय म्हणाला, ती काय म्हणाली, काय झाले, हा तिच्या भाषेत, अवतरणात, जसाच्या तसा यायला हवा. ऐकू न येणाऱ्या किंवा अन्य अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी दुभाषा किंवा विशेष शिक्षक बोलावणे आणि चित्रीकरण करणे कायद्यानेच सक्तीचे आहे. बालकांच्या बाबतीत पोक्सो कायदा जबाब बालकाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता, मूल बोलते तसा लिहायला सांगतो. "मूल बोलते तसा" हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. मोठ्यांसाठीही तेच का असू नये?

निवृत्तीनंतर मी अधूनमधून नव्या महिला उपनिरीक्षकांशी बोलायला जाते. तिथे मी माझी ती जुनी फिर्याद, नावे काढून, फळ्यावर लिहिते आणि शेजारी बाईचे मूळ वाक्य लिहिते. त्यांतली एक मुलगी गेल्या वर्षी रात्री दीडच्या सुमाराला मला फोन करून म्हणाली, "मॅडम, माफ करा, इतक्या रात्री. एका रुग्णालयात आयाचे काम करणारी बाई आली आहे. हिंदीत सांगते आहे. ती म्हणते, ‘मैं दीवार की घड़ी देखती रही, ग्यारह बजके दस मिनट से साढ़े ग्यारह तक, सोचा अब कोई आएगा.’ साहेब म्हणतात हे कशाला, प्रतिकार केला का ते लिही. मी काय करू?"

मी तिला म्हटले, घड्याळाचे वाक्य तिच्याच शब्दांत, हिंदीत, अवतरणात लिही. प्रतिकाराबद्दल विचार, आणि ती जे उत्तर देईल तेच लिही. पुन्हा वाचून दाखव, सावकाश, आणि ती थांबवेल तिथे थांब. आणि उद्या पंचनाम्याला जाशील तेव्हा त्या खोलीत घड्याळ आहे का, ती जिथे होती तिथून ते दिसते का, आणि ते मागे चालते की पुढे, हे पंचांसमोर नोंदव. मग कॉरिडॉरमधल्या सीसीटीव्हीची वेळ त्याच्याशी ताडून बघ.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा संदेश आला. घड्याळ दारासमोरच्या भिंतीवर आहे, खाटेवरून सरळ दिसते, आणि ते सात मिनिटे पुढे आहे.